तंबूतला जवान

सून वनमाला घरात राहिली, तर मार्तंडचा नफाच होता. म्हातारपणी आयती भाकरी, रानात राबते हात आणि लेकाची पेन्शनही याच उंबऱ्यात. लेक चीनच्या लढाईत कामी आल्याची तार दिवाळीत आली होती. आता उन्हाळा लागला, तसा वनमालाचा भाऊ बहिणीला माहेरी न्यायला तामलवाडीत गाडी जुंपून उभा राहिला.

मग मार्तंडनं ठेवणीतला डाव टाकला. "तुळजापूरच्या तंबूत शिनेमा बघितला म्या. आधी लढाईची चित्रं दावत्यात, त्यात आपला लेक दिसला की! जित्ता हाय. तार चुकली."

दारात बसलेली त्याची बायको गोदूबाई ताडकन उठली. तार आल्यापासून तिला दर वेळी कुणीतरी हात धरून उठवावं लागे.

वनमाला सासऱ्याच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "मामा, कनातीपल्याड बायकांत म्या बी बसले होते. त्यास्नीच हुडकत होते. न्हाईत ते त्यात." ती गाडीत जाऊन बसली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मार्तंड घरात वळला. गोदूबाईनं चूल पेटवून अंघोळीचं पाणी ठेवलं होतं.

"जाऊ द्या तिला," ती हसत म्हणाली, "लेक आला की दुसरी करू. कवाशिक यील वो?"

सून तर गेलीच होती. आता बायकोला खरं सांगायचं, तर लेकाला पुन्हा एकदा मारावं लागणार होतं, आणि ह्या खेपेला ते करायला चिनी येणार नव्हते.