बांधापलीकडचा रायाप्पा

जोंधळा हुरड्याला आला तसा रायाप्पाला माज चढला, असं कलगोंडाचं ठाम मत झालं. रोज सकाळी हा आपल्या शेतातून हात उंच करून ‘जयजिनेंद्र’ म्हणायचा आणि लांब पलीकडच्या शेतात उभा असलेला रायाप्पा ढिम्म हलायचा नाही. लहानपणापासूनची दोस्ती, पण कलगोंडानं बोलणंच टाकलं.

एकदा त्यानं अंगणातल्या शेजारणीकडं बायको समजून पाणी मागितलं. त्याची बायको लक्ष्मीबाई भडकली आणि तिनंच त्याला बेळगावच्या डॉक्टरांकडं नेलं.

“जवळचं लख्ख, लांबचं अंधुक. चष्मा लावा,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून कलगोंडा शेतात गेला आणि बघतच राहिला. पलीकडं रायाप्पाचा जुना कोट घातलेलं बुजगावणं उभं होतं! तो तसाच रायाप्पाच्या मोटेवर धावला.

“लेका, महिनाभर मी तुझ्या बुजगावण्याला जयजिनेंद्र घालत हुतो!”

रायाप्पा हसला नाही. त्यानं गुमान तो चष्मा काढून घेतला, आपल्या नाकावर चढवला आणि कलगोंडाच्या शेताकडं निरखून बघितलं.

“आरं तिच्या! म्हंजे मी बी महिनाभर तुझ्या बुजगावण्यालाच तू समजून उगंच रुसलो हुतो.”