रिलेवरची तारीख

कटरची टॉर्च विझायला हवी होती आणि विझत नव्हती. पत्रा कापून झाला, कॉम्प्युटरने थांबायचा हुकूम दिला, तरी प्लाझ्मा कटरची निळी ज्योत सणसणतच राहिली. धाकट्याने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

"पेटीला हात लावू नकोस," थोरला खुर्चीतूनच म्हणाला. "बाहेरचा माणूस बोलावतो."

बाहेरचा माणूस कशाला? हे मशीन धाकट्यानेच जोडलेलं, तार न् तार तोंडपाठ. पण चार वर्षांत त्याने त्या कंट्रोलच्या पेटीचं झाकण उघडलं नव्हतं. शपथच घेतली होती म्हणा ना. चार वर्षांपूर्वी एका नऊ तारखेला दादा टॉर्चचं टोक साफ करत होता आणि ती अचानक पेटली. दादाचा उजवा हात भाजला, दोन बोटं कायमची गेली. कंट्रोलपाशी उभा होता धाकटा. "तू बटण दाबलंस," दादा म्हणाला. धाकटा दोन दिवस नाही नाही म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी वहिनीने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्यालाच वाटायला लागलं, लागला असेल हात.

त्या महिन्याअखेर तो वेगळा होणार होता. स्वतःचं वर्कशॉप काढणार होता. जागा बघून झाली होती, बायकोला शब्द दिला होता. सगळं गुंडाळलं. आता कुठल्या तोंडाने जाणार? तो राहिला. दादाच्या शर्टाची बटणं लावली, दाढी करून दिली, कटर सोडून ग्राइंडरवर बसला. बायको महिनाभर बोलली नाही. मग बोलायला लागली, पण त्या जागेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

"बाहेरचा येईल उद्या. माल संध्याकाळी द्यायचाय," असं म्हणत त्याने आज झाकण काढलंच.

थोरला उठून उभा राहिला. "अरे, राहू दे म्हणतोय ना."

कॉम्प्युटरचा हुकूम टॉर्चपर्यंत पोचवतो तो रिले. काडेपेटीहून लहान डबी. आतली दोन टोकं जुळली की टॉर्च पेटते, सुटली की विझते. रिले झिजला की टोकं चिकटून बसतात. मग कॉम्प्युटर कितीही बोंबलो, टॉर्चच्या लेखी बटण दाबलेलंच. मनाला येईल तेव्हा पेटते. धाकट्याने मीटर लावून पाहिलं. चिकटलाच होता. पाच मिनिटांचं काम, त्यासाठी म्हणे बाहेरचा माणूस.

त्याने रिले उपसून काढला. कडेला मार्करने तारीख घातलेली होती. ही वडिलांची शिस्त, पार्ट बदलला की त्यावर तारीख घालायची. दोघे भाऊ एक वेळ जेवायला विसरतील, तारीख विसरायचे नाहीत. मशीन आलं तेव्हा धाकट्यानेही रिलेवर घातली होती. पण ही ती नव्हती. ही चौदा होती, चार वर्षांपूर्वीच्या त्या महिन्यातली. अपघातानंतर पाचव्या दिवशी कुणीतरी रिले बदलला होता, आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आकडे वेडेवाकडे होते, पहिलीतल्या पोराने गिरवावेत तसे. ते डाव्या हाताने काढलेले होते. दादाच्या उजव्या हाताला तेव्हा कोपरापर्यंत पट्टी होती.

धाकट्याने रिले थोरल्यासमोर टेबलावर ठेवला. थोरल्याने त्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला. लपवायचं ते सगळं लपवलं होतं बिचाऱ्याने, फक्त सवय नडली.

"तेव्हाही रिलेच चिकटला होता ना?"

"हो."

"म्हणजे मी बटण दाबलं नव्हतं. आणि तुला पाचव्या दिवशी कळलं होतं."

थोरला टेबलाची कड चाचपत राहिला.

"चार वर्षं, दादा."

धाकट्याला वाटलं होतं, संताप येईल. आला नाही. रोज सकाळी त्या हाताकडे बघून त्याने मान खाली घातली होती, आणि याने ती रोज घालू दिली होती. परक्याने केलं असतं तर शिव्या घालून मोकळा झाला असता. सख्ख्या भावाला काय म्हणायचं?

"सांगितलं असतं तर तू निघून गेला असतास," थोरला म्हणाला. "मला एकट्याला झेपलं नसतं रे."

धाकट्याने फडक्याला हात पुसले.

"नुसतं 'थांब' म्हणाला असतास, तरी थांबलो असतो."