गालातली सुपारी

एक अख्खी सुपारी. खडूने पांढुरकी झालेली पाटी. दुपारच्या खेळाची दोन तिकिटं.

तीस वर्षांनी झुपकी खार नव्या कार्टूनपटात परतली होती, नव्या आवाजात. जुना आवाज माझ्या शेजारी गप्प बसला होता. टीव्हीवर झुपकीचा आवाज काढताना हे गालात सुपारी धरायचे. पुढे सवयच लागली. गेल्या वर्षी कॅन्सरमुळे डॉक्टरांनी जीभ काढली. तेव्हापासून हे पाटीवर लिहून बोलतात.

मध्यंतरात पुढच्या रांगेतली बाई लेकीला म्हणाली, "शी, ही कसली झुपकी! आमची झुपकी कशी बोलायची, ऐक." तिने गाल फुगवला. "अगंबाई, माझा शेंगदाणा कुणी पळवला?"

"मम्मा, परत कर ना!"

यांनी घाईघाईने लिहिलं, 'तिला सांग, अगंबाई जरा लांबव.'

मी वाकून सांगितलं. बाई वळून हसली. "काकू, तुम्हालाही आठवते?"

मी मान डोलावली. यांनी पाटी बाहीने पुसून टाकली.

पहिल्या रेकॉर्डिंगच्या सकाळी आवाज जमेना, तेव्हा यांच्या गालात सुपारी मीच ठेवली होती.