जोडणीचे पैसे

पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पण स्क्रीन काळीच राहिली.

“आलं का काही?” बाबांनी विचारलं.

“नाही,” लेक म्हणाली. कॉम्प्युटरचं खोकं उघडल्यापासून तिने जी हाताची घडी घातली होती, ती अजून सोडली नव्हती.

दारात उभ्या असलेल्या आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काचबिंदूने डोळे गेलेल्या माणसापुढे कॉम्प्युटर उघडून ठेवायचा, त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर द्यायचा आणि आपण शेजारी बसून गंमत बघायची! मघाशी स्क्रू पडला, तेव्हा बाबा गुडघ्यांवर रांगत फरशी चाचपत होते. स्क्रू या कार्टीच्या पायाशीच पडला होता. आई उचलायला धावली, तर कार्टीने आईवरच डोळे वटारले.

हा कॉम्प्युटर मुळात बाबांनीच जोडलेला. ते कचेरीत नकाशे काढायचे. पगार बेताचा, त्यामुळे अख्खा कॉम्प्युटर असा त्यांनी कधी विकत घेतलाच नाही. हातात चार पैसे जास्त आले की एक भाग आणायचा, रविवारी मांडी घालून तो बसवायचा आणि जुना भाग कुणाला तरी विकायचा. शेजारी त्यांना चिक्कू म्हणत. आता त्याच कॉम्प्युटरवर लेक घरांचे नकाशे काढायची. पण हल्ली मोठा नकाशा उघडला की तो धापा टाकायला लागायचा. नवा घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून तिने नवी मेमरी आणि नवी डिस्क तेवढी आणली, आणि पिशवी बाबांच्या मांडीवर ठेवली.

“सगळे पैसे यातच संपले. जोडायला माणूस बोलावणं काही परवडत नाही. तुम्हीच बसवा.”

बापाचा चिक्कूपणा लेकीत दुपटीने उतरला होता. बरं, बापाचं तरी उरलं होतं काय? डोळे गेल्यापासून खुर्ची आणि रेडिओ, एवढंच त्यांचं जग. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, “मला कशाला विचारता? मी आता अडगळ.” आणि आज पोटची पोर त्यांना असं तोंडघशी पाडत होती.

“राहू दे पोरी,” बाबा म्हणाले. “डोळ्यांचं काम हातांना कसं जमणार? बोलाव कुणी माणूस.”

“पैसे नाहीत, बाबा.”

बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर हळूच बाजूला ठेवला. दुसऱ्याची वस्तू चुकून हातात आल्यावर ठेवावी, तसा. आईला ते बघवेना. पैसे नाहीत म्हणे! डब्यात साठवलेले माझे पैसे काय चाटायचेत? पिशवी उचलून ती तरातरा आतल्या खोलीत गेली आणि तिने पिशवीवरचा दुकानाचा नंबर लावला.

“जोडायला माणूस पाठवा. काय होतील ते पैसे मी देते.”

“पैसे कसले, काकू?” दुकानदार म्हणाला. “आमच्याकडून सामान घेतलं की जोडणी फुकट असते. माणूस त्याच दिवशी पाठवत होतो. तुमच्या मुलीनेच बजावलंय, घरून फोन आला तरी पाठवू नका म्हणून. आमच्या घरात जोडणारा माणूस आहे, म्हणाली.”

आईने फोन ठेवला आणि ती पुन्हा दाराशी आली.

मग एकेक गोष्ट तिला आता कुठे ऐकू यायला लागली. सकाळी खोकं उघडून लेकीने आत हात घालताच बाबा कडाडले होते, “आधी लोखंडाला हात लाव, अंगातली वीज जाऊ दे! आणि धूळ केवढी साठवलीय ही? लाज नाही वाटत?” घरात असा आवाज किती दिवसांनी घुमला होता, आणि ती मात्र रागाच्या भरात बहिरी झाली होती. तिने दारातून पाहिलं. लेकीने हाताची घडी घातली नव्हती. आपलेच हात तिने काखेत गच्च आवळून धरले होते. मदतीला धावू नयेत म्हणून. केवढ्या काळजाची पोर! आपल्याला हे जन्मात जमलं नसतं, असं आईला वाटलं.

बाबा खुर्चीला धरून उठत होते.

“उठताय कुठे?” आई म्हणाली. “मी चहा टाकते, तोवर पुन्हा बघा की. एवढ्यात हातपाय गाळून कसं चालेल?”

बाबा पुटपुटत खाली बसले. त्यांनी लेकीला वायर काढायला लावली. मेमरीच्या पट्टीवरून त्यांचं बोट सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि थबकलं.

“अगं, या बाजूची खिटी उघडीच आहे की!”

त्यांनी अंगठ्याने दाबलं. टक् असा आवाज आला. “लाव वायर. दाब बटण.”

खोक्यातून एक बारीकशी शिट्टी आली. एक शिट्टी म्हणजे सगळं जागच्या जागी, हे या घरात सगळ्यांना पाठ होतं.

“आलं, बाबा! आलं!” लेकीचा आवाज फाटला.

बाबा हसले. पाठ ताठ करून बसले. मग एकदम त्यांनी कान दाराकडे वळवला.

“अगं, मघाशी तू दुकानात फोन केलास ना? किती घेतो म्हणाला जोडणीचे?”

लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू उडालं. तिने आईकडे पाहिलं.

आईने डोळे पुसले.

“मेला अव्वाच्या सव्वा सांगत होता,” ती म्हणाली. “आपल्याला कुठलं परवडायला!”