कारणाचा रकाना

दिवंगत पत्रकाराचे खासगी कागद वाचनालयात खुले झाले, त्या सकाळी निवृत्त हेडक्लार्क दार उघडायच्या आधीच हजर. मेहुण्याची लाचखोरी पत्रकाराला पत्राने त्यांनीच कळवली होती. त्यापायी नोकरी गमावलेला मेहुणा, चुगली कुणी केली ते शोधायला उद्या येणार होता.

"आधी फॉर्म भरा, काका," वाचनालयाच्या बाई म्हणाल्या. काकांनी जन्मात कधी रकाना मोकळा सोडला नव्हता. घाईघाईत भरला.

घामाघूम होत त्यांनी सहा खोकी उपसली. सातव्यात पत्रकाराची चिठ्ठी निघाली: 'माहिती देणाऱ्यांची सगळी पत्रं मी जाळली आहेत.'

काकांच्या जिवात जीव आला.

"तुमचा फॉर्म खोक्यात वरच लावते हं," बाई म्हणाल्या. "पुढच्या माणसाला आधी तोच दाखवायचा नियम आहे."

फॉर्मवर वळणदार अक्षरात होतं: 'कारण: मेहुण्याविरुद्ध मी लिहिलेले पत्र परत मिळणेबाबत.'