आप्पांचे ठोकळे

मेलेल्यांच्या मनाची प्रत जपणाऱ्या कंपनीसाठी हेमांगीने जुन्या व्हिडिओ गेमसारखी ठोकळेदार अक्षरे बनवली होती; मेलेले त्यांतूनच बोलत. माणसाचा आवाज ऐकून घरचे रडतात आणि रडणारे गिऱ्हाईक टिकत नाही, असे कंपनीचे म्हणणे.

"आप्पा, बरे आहात ना?" हेमांगीच्या वहिनीने गेलेल्या सासऱ्यांच्या पडद्याला विचारले.

"मजेत," हिरवे ठोकळे उमटले. तक्रारीचे शब्द कंपनी उमटूच देत नसे.

मग ठोकळे अक्षरांतून सुटले. त्यांचा बंद दरवाजा झाला, आणि आतून तो दोन्ही हातांनी बडवणारा माणूस.

"अय्या, कार्टून! तूच केलंस ना गं?" वहिनीने शेजारी बसलेल्या हेमांगीला विचारले.

तेवढ्यात कंपनीचा फोन आला. "मॅडम, घरोघरी तोच दरवाजा दिसतोय. ठोकळे जागचे हलणार नाहीत असं करून द्या."

"करते," हेमांगी म्हणाली.

पडद्यावरचा माणूस बडवायचा थांबला आणि तिच्याकडे वळला.