श्रमदानाची यादी

"हौसाक्का, तुम्ही सहा दिवस दगड वाहिले?" तपासणीला आलेल्या साहेबांनी यादीवर बोट ठेवून विचारलं.

ती यादी मीच केली होती. वाचनालयाच्या नव्या खोलीसाठी अनुदान हवं असेल तर चौथा हिस्सा गावाने उचलायचा, अशी अट होती. श्रमदान केलं तरी चालणार होतं. पण घरोघरी जायचा मला कंटाळा आला आणि मी घरी बसून चाळीस नावं लिहून टाकली. सत्तरीच्या हौसाक्कांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "व्हय साहेब, वाहिले की."

साहेबांनी सही केली आणि त्यांची गाडी निघून गेली. मी हौसाक्कांचे पाय धरायला वाकलो, तशा त्या बाजूला सरकल्या.

"मास्तर, ह्या वयात मला खोटं बोलायला लावलंत. आता ते खरं करायला पायजे. दगड कुठनं आणायचेत?"

तिसऱ्या दिवशी गाव मदतीला आलं. पहिले दोन दिवस मात्र आम्ही दोघंच होतो. त्या पुढे आणि मी घमेलं घेऊन मागे. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही, याचंच मला बरं वाटत होतं.